शिध्याच्या पिशवीपुढचे पाऊल
(अभ्यासलेख : बाग, काम आणि शिक्षण)

चिंतनासाठी शास्त्रपाठ : उत्पत्ती २:१५, लेवीय १९:९-१०, रूथ २:१-१७, मत्तय २०:१-१६



द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकला आहे. ऐकताना आपले लक्ष बहुधा शेवटच्या वादाकडे जाते. दिवसभर राबलेल्याला जेवढे मिळाले तेवढेच तासभर काम करणाऱ्याला का, हा आपला प्रश्न असतो. पण त्याआधीची एक गोष्ट आपण भरभर ओलांडून जातो. मळ्याचा मालक एका दिवसात पाच वेळा बाजारात जातो. संध्याकाळ व्हायला तासभर उरला असतानाही त्याला तिथे माणसे रिकामी उभी दिसतात. का उभे आहात, असे तो विचारतो. त्यांच्या उत्तरात आळसाची कबुली नाही. दिवसभरात त्यांना कोणी कामाला बोलावलेच नव्हते.

आपल्या धर्मग्रामातही असे उभे राहिलेले लोक आहेत. पदवी घेऊन तीन-चार वर्षे झाली तरी कायमची नोकरी न लागलेला तरुण, कारखाना बंद पडल्यावर पन्नाशीत घरी बसलेला गृहस्थ, व्यसनातून बाहेर आलेला पण कोणी विश्वासाने काम न देणारा भाऊ, पती निवर्तल्यावर घर चालवणारी भगिनी. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद त्यांच्या घरी शिधा पोहोचवतात. ते काम मोलाचे आहे आणि चालूच राहिले पाहिजे. पण शिध्याची पिशवी घेताना खाली जाणारी मान आपण पाहिली आहे. ती मान वर कशी येईल, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी एका मार्गाचा विचार करू. तो मार्ग म्हणजे लोकांनी मिळून चालवलेली, नफा न वाटून घेणारी, काम आणि शिक्षण देणारी बाग.

१. शास्त्र आणि ख्रिस्तसभेची शिकवण

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो, ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. पाप येते तिसऱ्या अध्यायात. म्हणजे काम ही पापाची शिक्षा नव्हे. घाम आणि काटे नंतर आले, काम आधीपासून होते. काम हा माणूसपणाचा भाग आहे. म्हणूनच काम हिरावले गेले की माणसाच्या खिशाबरोबर त्याच्या मनालाही धक्का बसतो.

लेवीयच्या पुस्तकात देव इस्राएलला सांगतो की शेताच्या कडेचे पीक कापू नका, खाली पडलेले वेचू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा. धान्य कापून, पोत्यात भरून गरिबाच्या दारी नेऊन टाका, असे तिथे म्हटलेले नाही. गरिबाने स्वतः येऊन गोळा करावे, अशी ती योजना आहे. रूथने तसेच केले. ती परकी होती, विधवा होती. संध्याकाळपर्यंत तिने कणसे वेचली, झोडली आणि स्वतःच्या कष्टाचे जव सासूसाठी घरी नेले. बवाजने आपल्या गड्यांना दोन सूचना केल्या होत्या : तिच्यासाठी मुद्दाम काही कणसे पडू द्या आणि तिला टाकून बोलू नका. मदत कशी करावी याचे सारे शास्त्र या दोन सूचनांत आहे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र लिहून कामगारांच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्सेर्चेन्स'मध्ये माणूस कामासाठी नसून काम माणसासाठी आहे, हा विचार मांडला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात सृष्टीच्या राखणीबरोबर कामाचाही विचार केला. गरिबाला पैसे देणे हा अडचणीच्या वेळचा तात्पुरता उपाय आहे, त्याला कामातून सन्मानाने जगता यावे हे खरे ध्येय आहे, असा त्यांच्या शिकवणुकीचा आशय आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेव्हा 'रेरुम नोव्हारुम'चीच आठवण ठेवली होती.

२. डेट्रॉईटच्या कापुचिन बंधूंची बाग

ही शिकवण प्रत्यक्षात कशी उतरते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात आहे.

डेट्रॉईट हे मोटारींचे शहर. १९५० साली तिथे साडेअठरा लाख लोक राहत. मग कारखाने हलले, गोरे मध्यमवर्गीय उपनगरांत गेले, वस्त्या ओस पडू लागल्या. २००० साली लोकसंख्या साडेनऊ लाखांवर आली आणि २०२० च्या जनगणनेत ती सुमारे ६ लाख ३९ हजार भरली. २०१३ साली तर महापालिकेने न्यायालयात दिवाळखोरी जाहीर केली. पडकी घरे पाडल्यावर हजारो मोकळे भूखंड उरले आणि त्यांच्या शेजारी काम नसलेली माणसे.

या शहराला मोकळ्या जागेत भाजी लावण्याची जुनी सवय होती. १८९३ च्या आर्थिक मंदीनंतर महापौर हेझन पिंग्री यांनी १८९४ साली शहरातले पडीक भूखंड बेकार कुटुंबांना बटाटे आणि घेवडा लावायला दिले. त्यासाठी पैसा उभा करताना त्यांनी आपला आवडता घोडासुद्धा लिलावात काढला.

डेट्रॉईटच्या पूर्व भागात कापुचिन बंधूंचा संत बोनाव्हेंचर मठ आहे. धन्यवादित सोलानस केसी तिथे १९२४ पासून वीसेक वर्षे दारपाल होते. अभ्यासात ते मागे पडले होते. त्यामुळे त्यांना धर्मगुरुपद मिळाले, तरी पापनिवेदन ऐकण्याची परवानगी मिळाली नाही. दार उघडण्याचे काम मिळाले आणि त्या दारातून त्यांनी हजारोंना धीर दिला. १९२९ साली मंदी आली तेव्हा भुकेले लोक त्याच दारात येऊ लागले आणि कापुचिनांचे अन्नछत्र सुरू झाले. २०१७ साली सोलानस यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

अन्नछत्र सुरू झाल्यावर सुमारे सत्तर वर्षांनी, १९९७ साली, ब्रदर रिक सॅमिन या कापुचिन धर्मबंधूंनी अन्नछत्राच्या परिसरात एक छोटीशी बाग लावली. भाजी कुठून येते हे त्या वस्तीतल्या मुलांना ठाऊक नव्हते. बाजारहाट होत असे पेट्रोल पंपावरच्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानांत, तिथे ताजी भाजी नसे. त्या बागेला पुढे 'अर्थवर्क्स' असे नाव पडले. वेगवेगळे भूखंड मिळून ती सुमारे अडीच एकर झाली. आपल्या हिशेबाने शंभर गुंठे. रोपांसाठी हरितगृह बांधले, मधमाश्या पाळल्या, सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र मिळवले. बागेतली भाजी अन्नछत्राच्या स्वयंपाकात जाऊ लागली आणि हरितगृहातली रोपे शहरातल्या इतर लोकबागांना मिळू लागली.

पुढे बंधूंच्या ध्यानात आले की, भाजी पिकवून गरिबांना वाढणे एवढ्यावर थांबले तर अन्नछत्राचीच दुसरी खिडकी उघडल्यासारखे होईल. म्हणून मुलांसाठी वर्ग सुरू झाले, किशोरवयीनांना भाजीचा ठेला चालवायला शिकवले आणि प्रौढांसाठी शेतीचे प्रशिक्षण सुरू केले. काल ताट घेऊन रांगेत उभा राहणारा माणूस आज वाफा आखू लागला, उद्या दुसऱ्याला शिकवू लागला. याच अन्नछत्राने २००६ साली 'ऑन द राइज' नावाची बेकरी काढली. तुरुंगातून सुटलेले आणि व्यसनमुक्तीच्या वाटेवर असलेले लोक तिथे पाव भाजायला शिकतात. दार तेच, पण दारात येणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

३. आणखी दोन अनुभव

कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ गावी १९९० पासून बेघरांसाठी एक बाग चालते. तिथे बेघर लोकांना ठरावीक काळ पगारी काम आणि प्रशिक्षण मिळते. भाजीबरोबर ते फुलेही पिकवतात. फुले वाळवून नाताळच्या सुमारास त्यांच्या माळा-चक्रे करून विकतात. त्यामुळे शेतात काम कमी असते त्या महिन्यांतही हाताला काम राहते. आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार करताना हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा अनुभव सावध करणारा आहे. मिलवॉकी शहरात विल ॲलन या माजी बास्केटबॉलपटूने १९९३ साली एक जुनी रोपवाटिका विकत घेतली आणि वस्तीतल्या मुलांना शेती शिकवू लागला. 'ग्रोइंग पॉवर' हे त्याच्या संस्थेचे नाव. २००८ साली त्याला मॅकआर्थर प्रतिष्ठानची मोठी पाठ्यवृत्ती मिळाली, देशोदेशीचे लोक त्याची शेती पाहायला येऊ लागले. पण संस्था झपाट्याने वाढली, खर्च वाढला, कर्जाचा बोजा झाला आणि २०१७ साली ती बंद पडली. माणूस प्रामाणिक होता, कामही चांगले होते. तरीही जमाखर्चाचे गणित सुटले नाही, तर चांगले कामही मोडते. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभू येशूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितलेच आहे.

४. आपल्याकडे काय आहे?

आपल्या वसईला बाग शिकवायला डेट्रॉईटने येण्याची गरज नाही. केळीच्या वाड्या, पानवेली, मोगरा, वालाचे वेल, बावखलांचे पाणी यांवरच आपले पूर्वज जगले. राजेळी केळ्यांची सुकेळी करणारे हात अजून आपल्यात आहेत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा पाणी आणि हिरवळ राखण्यासाठी याच भागातले लोक रस्त्यावर उतरले. त्या चळवळीचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ साली देवाघरी गेले.

पण आज कितीतरी वाड्यांत गवत माजले आहे. मुलगा मुंबईला नोकरीला, मुलगी परदेशात, म्हातारे आईवडील एकटे. वाडी कसायला माणूस नाही. त्याच वाडीपासून दहा मिनिटांवर काम शोधणारा तरुण आहे. दोघांची गाठ पडत नाही. शिवाय रोपाला पाणी कधी तोडावे, केळीचे कोणते पिल ठेवावे, कोणते काढावे हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. दर अंत्यविधीबरोबर त्यातले थोडेथोडे आपण मातीत पुरत आहोत.

५. सुरुवात कशी करावी?

(अ) आधी माणसे, मग जमीन. ज्यांच्यासाठी बाग करायची त्यांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्यावे. काम शोधणारे दोघे-तिघे, जाणते शेतकरी दोघे, हिशेब जाणणारा एक, महिला मंडळाची एखादी भगिनी अशी सात-आठ जणांची समिती पुरते. काम कोणाला हवे, कोणत्या वेळेला जमेल, काय शिकायचे आहे हे विचारल्याशिवाय योजना करू नये.

(आ) जागा आणि लेखी करार. पाच गुंठ्यांनी सुरुवात करावी. पाणी आणि कुंपण यांची सोय आधी पाहावी. मालकाच्या मनात कूळ कायद्याची धास्ती असते, म्हणून तोंडी व्यवहार करू नये. मुदत, पाण्याचा खर्च, झाडांची मालकी हे सारे वकिलाकडून लिहून घ्यावे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भराव टाकलेली जागा असेल तर मातीची तपासणी करूनच भाजी लावावी.

(इ) नोंदणी. पहिला हंगाम पॅरिश कौन्सिलच्या देखरेखीखाली घेता येईल. काम टिकते असे दिसले की स्वतंत्र संस्था करावी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. देणगीदारांना करसवलत हवी असेल तर प्राप्तिकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते. परदेशातले नातलग मदत पाठवतील, पण ज्यांनी परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी परकीय ठरते. त्यासाठी २०१० च्या परकीय देणग्यांविषयीच्या कायद्याची परवानगी हवी. ती नसताना एक रुपयाही घेऊ नये.

(ई) मोबदला. हा कळीचा मुद्दा आहे. काम करून घ्यायचे आणि त्याला शिक्षण म्हणायचे, हा अन्याय आहे. संस्थेच्या विक्रीसाठी जो राबतो त्याला राज्य शासनाने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देऊ नये. चौघांना देणे परवडत नसेल तर दोघांनाच कामावर घ्यावे. स्वयंसेवकांनी शनिवारी येऊन हातभार लावावा, पण मजुराची रोजी बुडेल असे काम फुकटात करू नये. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावणे कायद्याने गुन्हा आहे. त्यांच्यासाठी बागेत वेगळा वाफा असावा, तिथे त्यांनी खेळत शिकावे आणि भाजी घरी न्यावी.

(उ) शिक्षण. शिकणाऱ्याच्या हाती वर्षअखेर काय येईल ते आधी ठरवावे. रोप तयार करणे, कलम बांधणे, ठिबक जोडणे, गांडूळखत करणे, जमाखर्चाची वही ठेवणे, गिऱ्हाइकाशी बोलणे अशी यादी करावी आणि एकेक कौशल्य आले की त्यावर खूण करावी. वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना शिक्षकाचा मान द्यावा, शक्य असल्यास मानधनही. वर्षभरानंतर त्या तरुणाने बागेत अडकून न राहता स्वतःची वाडी करावी किंवा रोपवाटिकेत, बागकामाच्या धंद्यात नोकरी धरावी. नव्यासाठी जागा रिकामी व्हावी. बाग ही शाळा आहे, निवृत्तीगृह नव्हे.

(ऊ) पीक आणि पैसा. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात आरंभ करणे सोपे जाते. मेथी महिन्याभरात काढणीला येते, मुळा दीड महिन्यात, भेंडीचे तोडे साधारण पन्नास दिवसांनी सुरू होतात. केळीला मात्र वर्ष लागते. लवकर येणाऱ्या पिकांमुळे हाती पैसा आणि मनाला उभारी येते. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात विक्री ठेवता येईल. पण आरंभीची दोन-तीन वर्षे विक्रीतून मजुरी पूर्ण सुटेल असे धरू नये. किती तूट येईल ते लिहून काढावे आणि तेवढे दान आधी जमवावे. दर तीन महिन्यांनी जमाखर्च सूचनाफलकावर लावावा.

६. मोह कोणते?

पहिला मोह उद्‌घाटनाचा. फीत कापली, छायाचित्र छापून आले आणि मे महिन्यात पाण्यावाचून वाफे सुकले, असे होऊ नये. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय नारळ फोडू नये. दुसरा मोह उपकाराचा. येथे काम करणाऱ्याची ओळख 'गरीब' अशी करून देऊ नये. बवाजची दुसरी सूचना आठवावी. तिसरा मोह कुंपणाचा. बाग धर्मग्रामाची असली तरी काम आणि शिक्षण केवळ आपल्याच लोकांना, असे नसावे. वसईच्या वाड्या आदिवासी बांधवांच्या घामावर उभ्या राहिल्या आहेत, हे विसरता येणार नाही. रूथही परकीच होती आणि तिच्याच वंशात पुढे प्रभू येशू जन्माला आला.

पुनरुत्थानाच्या पहाटे मग्दालिया मरियेला प्रभू भेटला, तेव्हा तो माळी आहे असे तिला वाटले. तिची ती चूक तशी फार मोठी नव्हती. जो मेलेल्या ठिकाणी नवे जीवन उगवतो तो माळीच. आपल्या गावातल्या एखाद्या गवत माजलेल्या वाडीत, सकाळी कामाला निघालेल्या एखाद्या तरुणाच्या पावलांत तो आपल्यालाही भेटू शकेल.

समूहचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या लहान ख्रिस्ती समूहात काम शोधणारी माणसे कोण आहेत? त्यांना काय येते आणि काय शिकायचे आहे, हे आपण कधी विचारले आहे का?

२. आपल्या भागात कोणत्या वाड्या पडीक आहेत? त्यांच्या मालकांची खरी अडचण कोणती आहे?

३. जुनी शेतीविद्या जाणणाऱ्या तीन वडीलधाऱ्यांची नावे लिहा. त्यांच्याकडून शिकायला या महिन्यात कोण जाईल?

४. मदत देताना आपल्याकडून कोणाचा मान दुखावला गेला आहे का? ती चूक कशी सुधारता येईल?

प्रार्थना

हे देवबापा, तू आम्हांला माती दिलीस, पाणी दिलेस आणि काम करणारे हात दिलेस. ज्यांना कोणी कामाला बोलावत नाही त्यांच्याकडे आमची पावले वळव. आम्ही देताना त्यांची मान खाली जाऊ देऊ नकोस. आमच्या हातून सुरू होणारे काम उन्हाळ्यातही टिकेल अशी चिकाटी आम्हांला दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे आम्ही ही विनंती करतो. आमेन.